मागून येणारी गाडी

चार्जिंगच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको नव्या इलेक्ट्रिक गाडीला टेकून उभे होते.

"जगाच्या पुढे राहावं माणसानं. पेट्रोल कायमचं सोडलं म्हणजे सोडलं!"

"हो ना. म्हणून तर माझा भाऊ पेट्रोलची गाडी घेऊन मागून येतोय."

"ती फक्त आधाराला. वाटेत बॅटरी संपली तर?"

"आणि आपल्या बॅगा त्याच्या डिकीत का?"

"वजन कमी असलं की आपली लांब पळते."

"आणि मुलं?"

"अगं, एसी लावला की बॅटरी उतरते. त्यांना उकडत होतं, बसली मामाकडे."

"म्हणजे नव्या गाडीत तुम्ही, मी आणि पर्यावरण."

"टोमणे मार तू. मला सांग, धूर दिसतो का कुठे?"

"आपल्या मागे असतो ना, कसा दिसणार?"

तेवढ्यात भाऊ दोन्ही भाचरांना घेऊन घामाघूम चालत आला.

"दाजी, गाडी वळणावर बंद पडली. पेट्रोल संपलं."

"अरे, आधी भरायचं नाही का?"

"गेल्या वर्षी इथेच भरलं होतं, म्हणून इथवर ताणली. इथला पंप कुठे गेला?"

"त्याच्याच जागेवर उभे आहात, साहेब," चार्जिंगवाला म्हणाला.

"अहो, ओढायला दोर आहे ना?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"आहे. त्याच्या डिकीत. आपल्याला ओढायला आणला होता."

"मग काढा तोच. जगाच्या पुढे राहायचं होतं ना? चला, व्हा पुढे."