कपाळावरचा भोवरा

कांडीवाल्या दिनूनं मले फसवलं, अन् एकट्या मलेच नाई, भातकुलीकडल्या मोप गोठ्यायले फसवलं. साहेब, तक्रारीत हे पहिले लिहून घ्या, मंग बाकीचं.

माहा बाप गावाची ढोरं चारे. तो म्हणे, वळूच्या लेकी माजावर यायच्या आत त्याले दुसऱ्या गावी धाडा, बापानं लेकीजवळ राहू नये. आता वळू कोण पोसते, बैलाच्या बीजाची, रेतनाची कांडी थंड्या डब्यात येते, दिनू ते गायीले भरते, तिच्यातला बाप कोणी पाहत नाई. मी अचलपूरच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे केले, एका चंद्री गायीवर गोठा उभा केला, मले कोणी बनवत नोतं. चंद्रीले दिनूच्या कांडीनं कालवड झाली, कपाळाच्या मधोमध भोवरा, असा शुभ का गिऱ्हाईक तिथंच बसे. दिनूले म्हटलं, भोवरा पाहिजे, पण बैल बदलव. तो म्हणे, बदलला ना काका, तुमाले खोटं सांगीन का? कालवड भरवाच्या वेळेस तेच म्हणे, तिच्या पोरीच्या वेळेस बी तेच.

काय सांगू तुमाले, मंग जी वासरं आली. एकाले डोळेच नाई, डोळ्याच्या जागी नुसती कातडी, तिच्यावर केसं. पाय न वाजवता गेलो तरी ते माह्याकडं तोंड फिरवे. दुसरं हंबराले तोंड उघडे, आवाज नाई. दोघायच्या कपाळावर तोच भोवरा.

यंदा पोळ्याले बैलं तोरणाखाली उभे केले. माही बायको कमल आरती घेऊन आली अन् थांबलीच. जोड्या गावभरच्या, तोंड एकच. म्हणे, अवो, आपले कोणते? मी खेकसलो, घरचे बैल ओळखू येत नाई का? अन् मलेच ओळखू आले नाई. बाजूचा म्हणे, वहिनी, कोणालेबी ओवाळा, सारे सोयरेच दिसून राहिले. लोक हसले. तेवढ्यात एका बैलानं कान हलवला, अन् रांगेतल्या सगळ्यायनं हलवला. मंग कोणी हसलं नाई.

तिथंच दिनूले धरलं. म्हणे, काका, त्याच बैलाच्या कांड्या देल्ल्या, भोवरा तुमालेच पाहिजे होता ना.

आता चंद्रीची नात गाभण हाये, दिवस भरले. कमल तिच्या पोटाले हात लावत नाई. काल मी लावला. आतलं लाथ मारत नाई, फिरत नाई, नुसतं टेकून राहते, जसं कोणी दाराले कान लावून ऐकते.

दिनू माहा फोन उचलत नाई. तुमी त्याले सांगा, मले भरपाई नको, माफी नको. त्यानं गोठ्यात येऊन उभं राहावं, अन् जे निघन त्याच्या तोंडाकडं पाहून सांगावं, याचा बाप कोण, आजा कोण, पणजा कोण.