मयताच्या पुस्तिकेतलं कोरं पान

…आणि वर म्हणतात काय, "तुमच्या कवितेत आफ्रिका जाणवली नाही!" अहो, मी कुमासीत जन्मलो, कुमासीत वाढलो, कुमासीच्याच गटारात पडून गुडघा फोडून घेतला, आणि त्या लंडनच्या मासिकात हीटरपाशी बसलेली कुणी बया मला सांगते, आफ्रिका जाणवली नाही! कविता कशावर होती? आईवर. माझी आई, अकोसुआ बिरागो, बाजाराच्या मागल्या अंगाला फुफू, म्हणजे उकडून कांडलेल्या कंदाचे गोळे, आणि सूप विकायची, त्यावर. तर म्हणे जरा दुष्काळ येऊ द्या, एखादा बंदूकवाला येऊ द्या. कुठं येऊ देऊ? सुपात?

तुम्हाला सांगतो, कविता लिहायला काही लागत नाही हो, एक दुखणं असलं की झालं. पण ती छापायला जागा शोधणं… बाळंतीण बरी! तिचं निदान एकदा काय ते सुटतं तरी. इथल्या पेपरचं शनिवारचं कवितेचं पान होतं, तिथं गेलो, तर त्या पानावर आता लॉटरीचे आकडे. युनिव्हर्सिटीत गेलो, तर "तुम्ही इथं शिकता का? मग कशाला आलात?" इंटरनेटवरच्या मासिकांची तर खिडकी असते म्हणे, ती उघडली की पाठवायचं. आता खिडकी उघडली तेव्हा आमची वीज गेली, वीज आली तोवर खिडकी बंद! चर्चच्या पत्रकासाठी पास्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून कविता ऐकली, "ब्रदर क्वाबेना, फारच सुंदर! फक्त आईच्या जागी येशू घाल." म्हटलं, "पास्टर, येशू फुफू कांडायचा?" त्या रविवारपासून मला मागच्या बाकावर बसवतात.

आणि घरी आलं की अंथरुणावरून आई, "छापून कुठं आलंय?"

आईला अक्षरओळख नव्हती. पण छापलेलं म्हणजे खरं, आणि तोंडातलं म्हणजे वारा, असा तिचा हिशेब. त्यातून आमची शेजारीण फोरिवा! "अगं बिरागो, तुझा लेक लिहितो लिहितो म्हणतेस, दिसत तर काही नाही बाई. माझा लेक ट्रोट्रो गाडी चालवतो, पाशिंजर भरून, ती ट्रोट्रो दिसते तरी!" आई नुसती मुसळ जोरात आपटायची. मग तिचे पाय सुजले, मूत्रपिंडं गेली, मुसळ सुटलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा सरून हार्मटनचे कोरडे वारे सुटले की हिचं काही खरं नाही. म्हणजे माझ्याकडे उरला होता एक पावसाळा, आणि संपादक म्हणतात, उत्तराला सहा महिने लागतील, कृपया चौकशी करू नये! काय करायचं सांगा? आईला म्हणू, जरा दम धर, निवड समिती बसायचीय?

तेवढ्यात भेटला जिमा. प्रेसवाला. आता आमच्याकडे प्रेस म्हणजे काय छापते? दर शनिवारी मयतं! मेलेल्या माणसाची पुस्तिका, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, मुलांचे दोन शब्द, जावयांचे दोन शब्द, ज्यांनी जन्मात विचारलं नाही त्यांचे चार पानं शब्द. कुमासीत एवढं साहित्य दुसरीकडे कुठंच छापलं जात नाही हो! जिमा म्हणाला, "आदोमा टीचर वारल्यात. पुस्तिकेत एक पान कोरं राहतंय. कोरं पान दिसलं की भावकी म्हणते, बाईला रडायला माणसं नव्हती का? तुझी ती आईची कविता आण."

मी पाय लावून पळालो! विचार केला नाही. विचार केला असता तर कवी कशाला झालो असतो?

आली छापून. वर ठळक अक्षरांत, "आई अकोसुआ बिरागो." अंत्यविधीला आदोमाबाईंची सगळी भावकी ती कविता वाचून हमसाहमशी रडली. बिरागो कोण, एकानंही विचारलं नाही. ह्यांना वाटलं त्यांच्याकडची, त्यांना वाटलं ह्यांच्याकडची! मी पुस्तिका घेऊन धावत घरी. आई जरा बरी होती, अंगणात बसून केळी सोलत होती. म्हटलं, "आई, हे बघ! छापून आलंय!" तिनं हात पुसले. कागदावरून बोट फिरवलं. हसली हो… आणि अभिमानानं फोरिवाला हाक मारली, "ये, वाच!"

फोरिवानं वाचलं. मुखपृष्ठावर "चिरशांती" वाचलं, आत "अकोसुआ बिरागो" वाचलं, आणि जी किंचाळली… "बिरागो गेली ऽऽ!" अहो, बिरागो समोर केळं हातात धरून बसलीय! पण नाही! छापलेलं म्हणजे खरं! फोरिवानं गावाकडे फोन लावला, आणि दुपारपर्यंत ओडुरोमामा, आईचे थोरले भाऊ, घराण्याचे कर्ते, सुतकाची काळी-लाल वस्त्रं लेवून, रडणाऱ्या बायांची टेम्पोभर फौज घेऊन दारात हजर! आई म्हणाली, "दादा, आलास? जेवणार का?" मामांचा चेहरा पाहायला हवा होता. "मी मंडप सांगून आलो, कर्णे सांगून आलो, आणि तू जेवणार का विचारतेस?"

मग माझ्याकडे वळले. "मेलेल्याच्या पुस्तकात जित्या आईचं नाव? पूर्वजांनी तिकडं पाट मांडला असेल, गाढवा!" मला श्नाप्स दारूची बाटली आणायला लावली, ती जमिनीवर ओतली, आणि वरच्यांना कळवलं की बिरागो एवढ्यात येत नाही, चूक पोराची आहे.

सगळे गेल्यावर आईनं मला पळीनं मारलं. अंगात जोर नव्हता, लागलं नाही. त्याचंच रडू आलं मला. मग म्हणाली, "आता वाच." मी वाचली. ती डोळे मिटून ऐकत राहिली, मधेच म्हणाली, "सुपात मिरची जास्त असायची, ते खरं लिहिलंस." शेवटी म्हणाली, "चांगलं आहे रे. पण माझ्यासाठी दुसरं कुठं जागाच नव्हती का?"

नव्हती. खरंच नव्हती.

हार्मटन सुटला आणि आई गेली. फोरिवाला दोनदा सांगावं लागलं तेव्हा पटलं. पूर्वजांचा नेम काही चुकला नाही, फक्त तारीख पुढं गेली. मला लाज वाटते सांगायला, पण रडता रडता मनात आलं, आता कुणाच्या पाया पडायला नको. ही पुस्तिका आईची, रंगीत, गुळगुळीत, पहिलं पान माझं! इथं कोण नाही म्हणणार? कविता घेऊन मामांकडे गेलो. पुस्तिकेचा मजकूर तेच ठरवणार, घराण्याचे कर्ते ना! त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, चष्मा काढला.

"ही आदोमा टीचरच्या वेळची ना? दुसरीच्या मयताला वापरलेली कविता माझ्या बहिणीला? आधी कुठं छापून आलेलं आम्ही घेत नाही."

त्या पानावर मामांचा फोटो आलाय, ट्रॅक्टरला टेकून. पण एक आहे हं, तुम्हाला सांगतो, माणूस चोख… इतक्या वर्षांत साभार परत म्हणून तोंडावर, तिथल्या तिथं सांगणारा संपादक हा पहिलाच!