डावीकडे मलम, उजवीकडे आईचं खोबरेल

...आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात, "घाबरू नकोस!" अहो, कुकरची शिट्टी झाली तरी मी टुणकन उडते, मला सांगता घाबरू नको? तुम्हाला सांगते, बाईच्या अंगाला जागा काय कमी आहे? पाठ आहे, पोटऱ्या आहेत... पण खाज सुटायची ती नेमकी योनीपाशी! चारचौघांत हात नेता येत नाही, घरात नाव घेता येत नाही. 'लायकेन स्क्लेरोसस' म्हणे. नाव कसं भारदस्त, आणि मुक्काम जन्माचा! कातडी पांढरी पडते, चिरते, औषध टाळलं तर आक्रसून चिकटते. म्हणून स्टेरॉइडचं मलम, रोज रात्री, मटाराएवढं. मी घरी येऊन इंटरनेटवर 'स्टेरॉइड' वाचलं... संपलं! ट्यूब कपाटात. आणि खाज? खाज आहे तिथंच!

आई म्हणाली, "काही नको ती औषधं, खोबरेल लाव." वहिनी म्हणाली, "लेझर करून टाका ना वन्सं, जाहिरातीत काय गोड हसते ती बाई!" (तिथं लेझर मारल्यावर कोण हसेल हो?)

मी सायन्सची पदवीधर. म्हटलं, तुलनाच करू! डावीकडे मलम, उजवीकडे खोबरेल. न्हाणीघरात पालथ्या बादलीवर आरसा, एक पाय स्टुलावर, मोबाइलचा उजेड दातांत... आणि दादानं दार बडवलं, "झोपलीस का आत?" मी अशी दचकले की मोबाइल गेला टबात! तेव्हापासून रोज गोंधळ. डावी म्हणजे माझी की आरशातली? उभं राहून की वाकून? आणि खाज? अर्धी आहे तिथंच!

तपासायला गेले. बाई म्हणाल्या, "एक बाजू छान मऊ पडलीय, दुसरी तशीच. मलम कुठे लावलंस?"

"डावीकडे."

"सुधारलीय ती उजवी."

"मग... आरशातली डावी."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "संशोधक, जी सुधारली तिथंच मलम लागलं असणार. आता दोन्हीकडे लाव. वरून तेल लाव हवं तर, पण मलमाऐवजी नाही! कातडी एकदा चिकटली की मग माझ्याही हातात फारसं नसतं." ती दुसरी बाजू आठवून मी घरी येताच ट्यूब उघडली. त्या दिवसापासून दोन्हीकडे मलम, गुपचूप.

खाज थांबली. आईला एवढंच म्हटलं, "बरं वाटतंय गं." झालं! "माझं खोबरेल!" म्हणत तिनं थेट मावशीला फोन लावला. मावशीनं फोन मला द्यायला लावला आणि हळूच म्हणाली, "अगं, तुला कुठे खाजायचं नक्की? मलाही तिथंच. तुझ्या जन्माच्याही आधीपासून."

"मावशी! डॉक्टरला दाखवलंस?"

"इश्श! तिथलं कोण दाखवतं?"

आता काय, आरशाचा सगळा किस्सा सांगून मावशीला राजी केलंय, उद्या धरून नेतेय. आई येतेय खोबरेलाची बाटली घेऊन, डॉक्टरांना शिकवायला. आणि मावशीचा आत्ताच निरोप आलाय... येताना तुझा तो आरसा आण.