सहा टप्पे, सहा शून्ये

पुरवणी जबाब
दिनांक ५ मार्च, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

जबाब देणार: काटेकाका (याच नावाने सर्वत्र परिचित, पूर्ण नाव मूळ अर्जात आहे). वय ६३ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त वजनमापे तपासनीस. राहणार: जुन्या बाजाराच्या मागे, दुसरा मजला, मुलगा व सून यांचेसोबत. पत्नी हयात नाही.

मला कोणी बोलावलेले नसताना मी आपल्या पायांनी ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

मी एकतीस वर्षे बाजारातील वजनकाटे तपासले. दुकानदार तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'काटा' म्हणत. माझा स्वभाव संशयी आहे, हे मी नाकारत नाही. ज्याला काट्याच्या ताटलीखाली चिकटवलेले लोहचुंबक एकदा सापडले, तो पुढे घरची भाजीसुद्धा दोनदा तोलून घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागच्या खेपेस माझा स्वभावच माझ्याविरुद्ध पुरावा ठरला होता.

मागच्या खेपेची हकीकत अशी. माझी सून चष्म्याच्या दुकानात भिंगे बसविण्याचे काम करते. गेल्या ऑगस्टपासून तिच्या नडगीवर, कोपरावर व दंडावर काळेनिळे डाग दिसू लागले. विचारले की ती म्हणे, "क्लबात पडले, बाबा." मुलगा कुरियर कंपनीच्या गोदामात पर्यवेक्षक आहे. तो म्हणाला, "मोटरसायकल दगडांवर चढवतात तिथं. निव्वळ खूळ." माझा विश्वास बसला नाही. धड रस्ता असताना माणूस मोटरसायकल दगडावर कशाला चढवेल? मी दिनांक ९ ऑक्टोबर रोजी याच ठाण्यात अर्ज दिला की माझा मुलगा सुनेला मारहाण करतो.

दिनांक १४ रोजी दोघांना बोलावण्यात आले. खुणा मोटरसायकलवरून पडल्याच्या आहेत, असे सुनेने लिहून दिले. क्लबाचेही पत्र आले की सरावात पडणे-खरचटणे नेहमीचेच आहे. माझा अर्ज निकाली निघाला. त्या वेळचे अंमलदार साहेब मला म्हणाले, "काका, माणूस रिकामा बसला की मन नको तिथं जातं. एखादा छंद लावून घ्या." मुलगा पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही.

क्लबाच्या पत्रावर शिक्का होता. पण शिक्का बघून काटा पास करणे माझ्या धंद्यात बसत नाही. म्हणून २७ ऑक्टोबर, रविवारी सकाळी पावणेसातला मी सुनेच्या मागोमाग गेलो. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तेथे चौदा-पंधरा माणसे होती आणि ज्यांना बसायला सीटच नाही अशा मोटरसायकली होत्या. त्या उभ्यानेच चालवतात. दगडांवर खुणेचे बाण लावून वाट आखलेली असते, तिला टप्पा म्हणतात. टप्पा जमिनीला पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन, आणि गाडी बंद पडली किंवा माणूस पडला तर पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकतो. शून्य सगळ्यांत उत्तम. वेग कोणी मोजत नाही.

मी एका मोठ्या दगडाआड उभा राहून पाहिले. सून कमरेएवढ्या कातळासमोर गाडी घेऊन आली, थांबली, गुडघ्यांतून वाकली, आणि गाडी तिच्यासकट वर गेली. वर गेल्यावर ती हसत होती. घरी मी तिला असे हसताना पाहिलेले नव्हते. खाली येताना तिने मला पाहिले व म्हणाली, "बाबा, लपायला तो दगड पुरत नाही तुम्हाला."

क्लबाच्या प्रमुख गॅरेजवाल्या बाई आहेत. बाजाराच्या टोकाला त्यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. त्या मला म्हणाल्या, "काका, बघायला आलात की चालवायला? नुसतं बघणाऱ्याला आम्ही दगड उचलायला लावतो." त्या दिवशी मी दगड उचलले. पुढच्या रविवारी गाडी घेतली. तपास अर्धवट सोडू नये म्हणून घेतली, असे मी तेव्हा स्वतःस सांगितले.

सुनेने मला एकच गोष्ट बजावली. "त्याला सांगू नका बाबा. तुमचंही बंद करेल." मी वयामुळे, असा अर्थ घेतला. घरी मी सकाळी फिरायला जातो व तिकडून जुन्या सोबत्यांकडे बसतो असे सांगत आलो.

पहिले तीन रविवार मी दोन जुन्या टायरांभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढत होतो. मनगटाला एक दोरी बांधतात. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होते. माझे इंजिन फार वेळा बंद झाले. बाई ओरडत, "काका, हँडल आवळू नका, ते काही पळून जात नाही! आणि दगडाकडे बघू नका. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. पुढं बघा." जन्मभर काट्यावर नजर रोवून बसलेल्या माणसाला हे शिकायला दोन महिने लागले. क्लच एका बोटाने धरायचा, गुडघे मोकळे सोडायचे, आणि गाडी तिरकी झाली तरी आपण सरळ राहायचे. माझ्या नडगीला पायदानाचे डाग पडले, कोपर सोलले, गुडघ्याची आतली बाजू टाकीवर आपटून काळी झाली. सुनेच्या अंगावर होते तसेच डाग. माझी खात्री पटली की मी मुलावर खोटा आळ घेतला.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या बाबा, वय झालं की असं होतं." मला फार हलके वाटले.

जानेवारीत एक ओंडका आणि दोन दगड असा सोपा टप्पा मी पाय न टेकता पार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी कशाचे, असे बाईंनी विचारले. हेल्मेटात घाम येतो असे मी सांगितले. त्रेसष्टाव्या वर्षी मला रविवारची वाट बघायची सवय लागली. माझी शिस्त पाहून बाईंनी मला सरावाचा व स्पर्धेचा निरीक्षक नेमले. निरीक्षक टप्प्यापाशी उभा राहून पाय किती वेळा टेकला ते मोजतो व चालवणाऱ्याच्या कार्डाला तितक्या आकड्यावर भोक पाडतो. त्याचा शब्द अखेरचा. शेवटी सर्व कार्डे तपासून बेरीज करण्याचे कामही माझ्याकडेच आले. मी कोणाचाही अर्धा पायसुद्धा सोडत नाही, म्हणून लोक चिडवतात.

आता मुद्द्याचे सांगतो. क्लबाची एक रीत आहे. चहाच्या वेळी ज्याने त्याने बाह्या वर करून नवीन डाग दाखवायचे. ज्याचा डाग मोठा त्याला पहिला चहा आणि सगळ्यांचे हसू. तेथे पडलेल्याची कीव करत नाहीत, उलट वाहवा करतात. बहुतेक रविवारी पहिला चहा सुनेला मिळे. तिला 'चहावाली' असेच नाव पडले होते. मीसुद्धा हसलो आहे. ती बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या तुकडीबरोबरही सराव करते. त्यामुळे आम्ही समजत होतो की बुधवारी पडत असेल.

रविवार, २ मार्च रोजी स्पर्धा झाली. सहा टप्पे होते. तिसऱ्या टप्प्यावर सकाळी साडेसात ते दुपारी सव्वा वाजेपर्यंत निरीक्षक मी होतो. सुनेने सहाही टप्पे पाय न टेकता पार केले. सहा निरीक्षक, सहा शून्ये. क्लबाच्या इतिहासात असे कोणी केलेले नाही. बक्षीस म्हणून लाकडी ठोकळ्यावर बसवलेला जुना स्पार्क प्लग तिला देण्यात आला. गाड्या टेम्पोतून गॅरेजात ठेवल्या. तेथून ती पुढे व मी दहा मिनिटांनी मागे असे घरी आलो. जेवणे झाली. तिच्या हाताला तेव्हा काही नव्हते. अर्ध्या बाहीच्या कपड्यात तिनेच वाढले. संध्याकाळी पाच ते सात मी वाचनालयात होतो. परत आलो तेव्हा तिने पूर्ण बाहीचे कपडे घातले होते.

सोमवार, ३ मार्च, सकाळी सात चाळीसला तिने ओट्याशी भांडी घासायला बाही वर केली. डाव्या दंडाच्या बाहेरील अंगास चार गोल डाग व आतील अंगास एक. मी बघतो आहे हे मुलाच्या लक्षात आले. तो म्हणाला, "बघा, काल परत पडली. किती सांगायचं, सोड ते खूळ म्हणून."

सून माझ्याकडे वळली. तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितले, "हो बाबा. तिसऱ्या टप्प्यात पडले."

तिसऱ्या टप्प्यात निरीक्षक मी होतो, हे तिला माहीत होते. मुलाला माहीत नव्हते. मी चहा संपवला व कप धुऊन ठेवला. नंतर केराच्या डब्यात स्पार्क प्लगचा ठोकळा मिळाला, मधोमध दुभंगलेला. तो हजर करतो.

मंगळवार, ४ मार्च रोजी मुलगा कामावर गेल्यावर मी बुधवारच्या तुकडीतील नळदुरुस्तीवाल्यास त्याच्या दुकानी जाऊन विचारले की माझी सून बुधवारी किती वेळा पडते. तो म्हणाला, "पडते? काका, आम्हाला शिकवते ती! डिसेंबरपासून पडलेली मी तरी बघितली नाही. आम्हाला वाटायचं, रविवारी तुमच्याकडे पडते." आम्हाला वाटायचे बुधवारी, त्यांना वाटायचे रविवारी. मधले पाच दिवस कोणाच्याच हिशेबात नव्हते. गॅरेजातून मी डिसेंबरपासूनची सर्व कार्डे काढून पाहिली. सुनेच्या कार्डावर पाचाच्या आकड्याला एकही भोक नाही. जानेवारीपासूनच्या बेरजा मी स्वतः केल्या होत्या आणि शाबासकी दिली होती.

ही कार्डे दोन महिने माझ्या हाताखालून गेली. मी मजेत होतो, म्हणून मला दिसले नाही. याची मला लाज वाटते, ती तशीच लिहावी.

मी चष्म्याच्या दुकानी जाऊन सुनेला बाहेर बोलावले. ती म्हणाली, "बाबा, काल मला भीती वाटत होती, तुम्ही तिथंच बोलाल. गप्प राहिलात ते बरं केलंत." मी विचारले, मागच्या वेळी लिहून का दिलेस? ती म्हणाली, "साहेब विचारत होते तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. क्लबाचं पत्रही त्यानंच मागवलं होतं. बाईंना काय कळणार, तिथं तर सगळेच डाग घेऊन हिंडतात." मी विचारले, क्लबात जाणे सोडले का नाहीस? ती म्हणाली, "पडायची जागा म्हणून गेले असेन आधी. मग चालवायला यायला लागलं. तीन-चार तास कोणी हात लावत नाही, बाबा."

काल दुपारपासून ती गॅरेजवाल्या बाईंकडे आहे. मुलाचे माझ्या फोनवर एकवीस फोन येऊन गेले. मी एकही घेतला नाही. तो माझा एकुलता एक मुलगा आहे. बाजारात माझ्या ओळखीच्या दुकानदाराचा काटा खोटा निघाला तर मी डोळेझाक करीत नसे, आणि घरचा काटा मी शेवटी तपासला.

सून बाहेरच्या बाकावर बसली आहे. बाई तिच्याबरोबर आहेत. ती स्वतः बोलायला तयार आहे. माझी एकच विनंती आहे की या खेपेस तिला एकटीला विचारावे. मलाही त्या खोलीत बसवू नये. मी त्याचा बाप आहे.

चार डाग बाहेर व एक आत, ही मोटरसायकलची खूण नाही. मी चार महिने पडलो आहे. गाडी अशी पाच बोटे लावून धरत नाही. माझा मुलगा माझ्या सुनेस मारहाण करतो याचा मला ~~संशय आहे~~ पुरावा मिळाला आहे.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखविला. तो मी सांगितला तसाच आहे. फक्त शेवटून दुसऱ्या परिच्छेदात साहेबांनी मागील अर्जावरून 'संशय आहे' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून दुरुस्त केले. खाडाखोडीशेजारी मी वेगळी सही केली आहे.

(सही) काटेकाका