दोन किलो सातशे

न्हाय न्हाय, लॅपटॉप पडल्याला न्हाय एकदाबी. ते कोपऱ्याला खरचटलंय ना, ते आमी घेतला तवापासूनचं हाय — म्याबी सेकंडहँडच आणला हुता सोलापूरवरनं, आता तुमच्याकडं गेला की तिसरं घर म्हणायचं त्याचं. बसा की. रणधीरच नाव म्हणालाव न्हाय का फोनवर? तामलवाडीवरनं गाडीवर ढोकीला आलाव, उभ्याउभ्या माल बगू नका. बिजागरी हलवून बगा, झाकण उघडझाप करून बगा, आमचं काय म्हणणं न्हाय. पंखा वाजतोय, ते खरं सांगतो — गेमिंगचा हाय, गरम हुतोय, मग पंखा घुमतोय. ग्राफिक कार्ड हाय आत, ते काय असतंय मला ठावं न्हाय, पण हाय. आता तुमी म्हणशीला, कारखान्याच्या वजनकाट्यावरला माणूस, ह्याला कशाला पायजे गेमिंगचा लॅपटॉप? तर ती माझीच अक्कल. एकवीस वर्सं काट्यावर बसतोय — उसाची ट्रॉली फाटकातनं आत आली की टायरकडं बगून टन सांगतो, हिंमतराव काटेवाले म्हणत्यात मला. पोरीची धाराशिवला कॉलेजात अॅडमिशन झाली, कॉम्प्युटरची, लॅपटॉप पायजे म्हणली. पैसे तर बेताचेच. दुकानदारानं तेवढ्या पैशात दोन पुढं ठिवले — एक पातळ, वहीसारखा, आन एक ह्यो. म्या काय केलं, एका हातात त्यो धरला, एका हातात ह्यो धरला. ह्यो जड भरला. म्हणलं द्या ह्योच, हलका माल पैसे दिऊन कोण घेतो? दुकानदार हसला, पोरगी कपाळाला हात लावून हसली, म्हणली आप्पा, ह्यो खेळायचा हाय, अभ्यासाचा त्यो हुता. म्या म्हणलं, दोन किलो सातशे हाय, टिकंल. घरी आल्यावर पोरीनं काय करावं — किराणा दुकानात निऊन काट्यावर ठिवला. दोन किलो सातशे. गुंजभर इकडं न्हाय का तिकडं न्हाय. अख्ख्या आळीला सांगत सुटली.

व्हय, ती चार बटनं घासल्यात — डब्ल्यू, ए, एस, डी. अक्षरं पार गेल्यात. त्याचे पैसे कमी करा म्हणताव? करा की. तुमचं बजेट अठरा हजाराचं हाय ना, तर अठरालाच न्या, म्या घासाघीस करायला बसलोच न्हाय. शिवाची बोटं हायत ती. शिवांजली — आत चा करतीया ना, तीच. उमरग्याला दिलीया, पंचमीला आलीया, परवा जाईल. तिची आई गेली तवा ही नऊ वर्साची हुती, मग घरात आमी दोघंच. आधी अभ्यासच करायची ह्याच्यावर, मग म्हणली, आप्पा, आणलाच हाय खेळायचा तर खेळून बगते. आन खेळायची तर कशी — कानाला हेडफोन, बोटं अशी पळायची की आपली नजर पुरायची न्हाय. पाच जणांची टीम हुती त्येंची, एक कोल्हापूरची पोरगी, एक नांदेडचं पोरगं, अजून दोघं कुठले कुठले, कुणी कुणाला समोरासमोर बघितल्यालं न्हाय. ही त्येंची कप्तान. म्या ड्युटीवरनं आलो की स्टूल घिऊन मागं बसायचो. मला काय कळतंय त्यातलं? काय न्हाय. पण जितली की खुर्चीतल्या खुर्चीत उडायची आन माझ्या गुडघ्यावर बुक्की मारायची — आप्पा, बघितलं का? म्हणायचो, बघितलं. पुण्याला मोठी स्पर्धा हुती, त्यात निवड झाली त्येंची. तुमीबी चला म्हणली. म्या नवा शर्ट शिवाया टाकला.

न्हाय. न्हाय गेलो.

माझी थोरली बहीण आली, प्रेमाबाई, उमरग्याचं स्थळ घिऊन. माणसं चांगली, घरचं दुकान, मुलगा शिकल्याला. आमी हितंच बोलत बसलो हुतो आन आत हिचा खेळ चालू. नेमका त्या दिवशी हेडफोन बिघडल्याला, समदा आवाज बाहेर — आन त्यात बाप्याचा आवाज. शिवा, मागं बघ, मागं बघ म्हणून. प्रेमाबाईनं माझ्याकडं असं बघितलं. मग बोलली. आईविना पोर, म्हणली, उद्या उमरग्याला कळलं की कुणाकुणासंगं बोलती, तर तुझी मान खाली जाईल ती जाईल, पोरीचं काय? मला ते मान खाली लई लागलं बगा. उठलो, देवीची परडी काढली, देव्हाऱ्यापुढं मांडली आन पोरीला म्हणलं, उचल भंडारा. ह्याला परत हात लावणार न्हाय म्हण. आमच्यात परडीतला भंडारा हातात घिऊन दिल्याला शब्द कुणी मोडत न्हाय, मेलं तरी न्हाय. ती म्हणली, आप्पा, स्पर्धा झाल्यावर उचलते. म्हणलं, आत्ता. उचलला. रडलीबी न्हाय. त्या टीमला येत न्हाय म्हणून एक फोन करता आला न्हाय तिला, का तर समद्यांचे नंबर ह्याच्यातच हुते.

चार्जर लावून चालू करा की, सावकाश बगा. — लगीन झालं, दोन वर्सं झाली. त्रास काय न्हाय तिला, खोटं कशाला बोलू, जावई सरळ हाय. रविवारी फोन करती. आप्पा, जेवलाव का. आप्पा, बीपीची गोळी घेतली का. घेतली. ठिवू का? ठीव. एवढंच. आधी माझं डोकं खायची पोरगी, आता इचारल्याबिगर बोलत न्हाय. आन इथं आली की काय करती — ह्यो त्या खोलीत पिशवीत असायचा, भिताडाला टेकून. आज सकाळी झाडत हुती. समदी खोली झाडली, पिशवीपाशी आली आन झाडू असा वळसा घालून गेला. पिशवी सरकवली सुदिक न्हाय तिनं. शब्द दिलाय ना. हर पंचमीला, हर दिवाळीला असाच वळसा, आन पिशवी उचलली की खाली धुळीचा चौकोन. म्या बगतो त्यो चौकोन आन कामाला जातो. मग म्हणलं घरातनंच काढावा, म्हंजी तिला वळसा घालाया नको. आन मलाबी बगाया नको, खरं सांगायचं तर.

काय? पासवर्ड मागतोय? त्यो मला न्हाय ठावं. थांबा — शिवा, ए शिवा, ह्येला पासवर्ड काय हुता गं? — टाका, ती सांगतीया ते टाका. दोन. के. जी. सात, शून्य, शून्य.

काय म्हणली?

दोन केजी सातशे.

न्हाय, मला काय झालं न्हाय, तुमी बगा तुमचं. उघडला व्हय? हां, असाच उजेड पडायचा बटनाखालनं, लाल, हिरवा — तिच्या तोंडावर पडायचा. रणधीर, एक सांगतो, कुणाला सांगितल्यालं न्हाय. त्या दिवशी त्यो पोरगा आधी शिवाताई म्हणला हुता. शिवाताई म्हणला, मग गडबडीत नुसतं शिवा. प्रेमाबाई पानाला चुना लावत हुती, तिचं ध्यान न्हवतं. माझं हुतं. ते नांदेडचं पोरगं, दहावीतलं, आवाज नुकता फुटल्यालं, मला समदं ठावं हुतं, शिवानंच सांगितल्यालं. अक्का, ताई म्हणतंय ते तिला — एवढंच बोलायचं हुतं मला. बोललो न्हाय. का न्हाय बोललो? स्थळ चांगलं हुतं म्हणून. आन — आन पुण्याला गेली, तिथंच नाव काढलं, तर हिकडं कशाला येईल परत, ह्येचं भ्या वाटलं. म्या एकटा पडलो असतो. आता कोण हाय संगं? आताबी एकटाच की. गेल्या वर्सी तुळजापूरला ओळखीच्या भोप्यांना, देवीच्या पुजाऱ्यांना इचारून आलो, असली शपथ सुटती कशी. म्हणले, ज्यानं घातली त्यानं, जिला घातली तिच्यापुढं उभं राहून माझं चुकलं म्हणायचं, सुटली. किती सोपं हाय बगा. वर्स झालं, मला जमंना.

शिवा. चा राहू दे गं, इकडं ये. ये, पाव्हण्यांसमोरच बोलतो, न्हायतर परत व्हायचं न्हाय माझ्यानं. माझं चुकलं. त्यो ताई म्हणल्यालं म्या ऐकलं हुतं. ऐकून गप बसलो. शपथ सोडली म्या तुझी, परडी आणू का? आणतो. बरं, न्हाय आणत. हात लाव ह्याला. लाव की बाय, तुझीच बोटं घासल्यात ही —

लावला. रणधीर, सरका जरा, बसू द्या तिला. ते बग, तुझा खेळ हाय अजून, ते चित्र बग कोपऱ्यात. चालव. म्या मागं बसतो, स्टूल घेतो.

का थांबलीस?

आठवंना म्हंजी? कुठलं बटन कशाचं ते? आठवंल की, बोटांना ठावं असतंय, दोन वर्सांत कुणी इसरतंय व्हय. परत एकदा कर. — बरं. — बरं बाय. राहू दे. न्हाय करत बळजबरी.

द्या त्येंना, त्येंच्या कामाला येईल, म्हणतीया. ऐकलाव ना? न्या मग. पैसे तिथंच ठिवा, म्या मोजत न्हाय. आना इकडं, पिशवीत म्या घालतो.

हे काय — हातात धरलाय आन वजनच कळंना मला. शिवा, किती गं —

आत गेली. झाडू घेतला तिनं. त्यो चौकोन झाडतीया.

जावा तुमी. जावा आता.