मायच्या मयतीचं शूटिंग

कटंगीची बस यायला वेळ होता. बालाघाटच्या बसस्टँडवर रचना मोबाईल बघत बसली होती. मागच्या बाकावर दोघीजणी बोलत होत्या.

"ललिता, तुह्या मायवर पिक्चर काढून राह्यले म्हणे?"

"हौ, साधनाबाई. खाणीतल्या मजुरांची पुढारी होती ना ते. काल तिच्या मयतीचा सीन केला."

"तुह्यं काम कोणी केलं?"

"कोण्या मुंबईच्या पोरीनं. मले गर्दीत उभं केलं."

"सख्खी पोरगी गर्दीत? मंग गेलीच काहून तू?"

"माय गेली तवा मी मलाजखंडले बाळंतीण होती, बाई. मले कोणी येऊ देलं नाही. म्हटलं, आता तरी तिच्यामागं चार पावलं चालतो."

रचनाने मोबाईल पर्समध्ये ठेवला.

"मंग?"

"पाह्यतो त त्या पोरीच्या हातात मडकं, समोर पंडित. मी म्हटलं, साहेब, आम्ही बौद्ध. आमच्यात भंतेजी येतात, त्रिशरण म्हणतात. तो डायरेक्टर म्हणे, 'अम्मा, इतना डिटेल पब्लिक को नहीं चाहिए.'"

"तोंडावर सांगून निघून याचं होतं."

"नाही आली. म्हटलं, ते करू दे त्याईचं. मी आपली चालता चालता हळूच त्रिशरण म्हणून राह्यली होती. तेवढ्यात त्यानं सीन थांबवला."

"काहून?"

"माह्ये ओठ हलत होते म्हणे. मले बाहेर काढलं, अन् मयत पुढं नेली."