गाडीच्या तोंडावर शाकारलेली होडी

मी, रखमा हरेश्वर तांडेल, वय ५८ वर्षे, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार खाणबंदर कोळीवाडा, कॉटन ग्रीन पूर्व. आज दिनांक ३ जून २०२४ रोजी ठाण्यात बोलावल्यावरून आले आहे व विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी मुलगा दिनेश व सून किर्ती यांच्यासह राहते. आमची एक होडी आहे. कोळीवाड्यामागे जुन्या खाणीचा कडा असून तेथे शनिवार-रविवारी दोर लावून चढणारी मुले-मुली येतात. त्यांपैकी तक्रारदार ध्रुव यांच्याकडे झोपायची, जेवण करायची व संडासाची सोय असलेली मोठी गाडी आहे. रात्री गाडी लावायला जागा मिळावी म्हणून ते मार्च महिन्यात माझ्याकडे आले. वाड्यातले लोक नको म्हणत होते. मी त्यांच्यासाठी शब्द टाकला. अटी दोनच होत्या. संडासाची टाकी आवारात सोडायची नाही आणि गाडी जवळा सुकवायच्या खळ्यापासून लांब लावायची. "आंटी, टेन्शन नका घेऊ," असे ते म्हणाले.

दिनांक २४ मे, शुक्रवारी रात्री ती गाडी खळ्याला लागून उभी होती. खळ्यात आमचा पावसाळ्याच्या बेगमीचा सगळा जवळा ढीग करून ताडपत्रीखाली झाकलेला होता. शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास किर्तीने ढिगाच्या वरून दोन टोपल्या भरल्या व ती लालबाग-परळला माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे गेली. आठ वाजता मी ताडपत्री उचलली तेव्हा ढिगाच्या बुडाशी निळे पाणी होते. गाडीच्या टाकीचा नळ उघडा होता. वास कशाचा होता ते साहेबांना तोंडी सांगितले आहे.

मी कड्यापाशी जाऊन ध्रुव यांना खाली बोलावले. ते म्हणाले, "सॉरी आंटी, व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल. पण ते लिक्विड इको-फ्रेंडली आहे." मी म्हणाले, "तुझं लिक्विड तुझ्याजवळ ठेव. जवळा गेला तो गेला. आता माझ्याबरोबर चल आणि गिऱ्हाइकांना तुझ्या तोंडाने सांग हे कुणाचं काम ते." दोर आत्ताच लावलाय, उद्या बघू, असे सांगून ते वर चढले. रविवारी सकाळी गाडी निघून गेली होती. गाडीच्या मागच्या काचेवर निसर्ग स्वच्छ ठेवावा असे इंग्रजीत लिहिले आहे, असे मला किर्तीने वाचून सांगितले.

मी एकटी गेले. सात घरे होती. वरचा जवळा कोरडा होता, कदाचित त्याला काही झालेही नसेल. पण ढीग एकच होता, आणि एका ढिगातला माल अर्धा चांगला म्हणून आम्ही विकत नाही. परळच्या नलूताई एकतीस वर्षे माझ्याकडून मासळी घेतात, कधी हुंगून बघितली नाही. त्यांची जवळ्याची चटणी करून नातवंडांना वाढून झाली होती. "रखमा, सांगितलंस ते बरं केलंस," एवढे बोलून त्यांनी दार लावून घेतले. सातही घरांनी माझी मासळी बंद केली आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. ध्रुव यांच्यावर आहे आणि तो आजही आहे.

शनिवार, दिनांक १ जूनपासून मासेमारी बंद झाली. त्याच दिवशी ध्रुव पुन्हा आले व गाडी आवाराच्या आतल्या कोपऱ्यात लावली, तिथून बाहेर पडायला एकच वाट आहे. मागच्या शनिवारचे नावही काढले नाही. मी त्यांना चहा दिला. संध्याकाळच्या भरतीला होडी वर ओढायची होती. ध्रुव स्वतःहून दोरीला हात लावायला आले व फोन किर्तीकडे देऊन व्हिडिओ काढायला सांगितला. त्यांच्या अंगात ताकद चांगली आहे. होडी आम्ही दरवर्षी भिंतीशी ठेवतो. यंदा मी दिनेशला ती आतल्या कोपऱ्याच्या तोंडावर आडवी घ्यायला सांगितली. होडी टेकल्यावर नारळ ध्रुव यांच्याच हातात दिला. त्यांनी तो फोडला, होडीला हळद-कुंकू लावले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पावसासाठी होडी झावळ्यांनी शाकारून झाल्यावर त्यांनी विचारले, "आंटी, ही हलवणार कधी?" मी म्हणाले, "नारळी पुनवेला, बाळा." वर घेऊन नारळ फोडलेली होडी त्याआधी हलवायची आमच्या वाड्यात रीत नाही. यंदा पौर्णिमा १९ ऑगस्टला आहे.

होडी काढणार का असे विचारले असता मी नाही म्हणते. ध्रुव आता सातही घरी येऊन माफी मागायला तयार आहेत, असे मला सांगण्यात आले. नको. भिजलेला जवळा मी फेकलेला नाही, त्यांच्या गाडीखाली पसरला आहे. पाऊस लागला की तो कुजेल. गाडीला मी किंवा माझ्या घरच्या कोणीही बोट लावलेले नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, एक जागा सोडून. हवालदारांनी होडी "रागाच्या भरात" आडवी लावली असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. आठवडाभर विचार करून, भरतीची वेळ बघून लावली. खोडले त्या जागी अंगठा दिला आहे.